व्रणांकित शांती

मराठीत 'शांत' ह्या शब्दाला जेवढी कामे करावी लागतात तेवढी फार थोड्या शब्दांना करावी लागत असतील. नवे घर बांधले की वास्तुशांत होते; साठी उलटली की साठीशांत होते; पत्रिकेत ग्रह प्रतिकूल दिसले की त्यांची शांत करावी लागते. घरातले वडीलधारे माणूस गेले की ते 'पहाटे शांत झाले' असे सांगण्याची रीत आहे. दंगल आटोक्यात आली की सरकारी निवेदनात परिस्थिती शांत असल्याचे छापून येते, आणि त्याच निवेदनाच्या पुढच्या वाक्यात संचारबंदीच्या वेळा असतात. ज्याच्या अंगावर कोणी थुंकले तरी जो रागावला नाही, अशा पैठणच्या एकनाथांना महाराष्ट्राने 'शांतिब्रह्म' म्हटले. ह्या सर्व प्रयोगांमागे एकच कल्पना उभी आहे. काहीतरी उसळलेले आहे, बिघडलेले आहे, आणि ते खाली बसले पाहिजे. शांती म्हणजे क्षोभाचा अभाव.

ईस्टरच्या सणाचा संदेश शांतीचा आहे, असे ख्रिस्ती उपदेशक सांगतात. हा संदेश मराठीत येतो तो ह्याच शब्दातून, आणि येताना त्याचा अर्थ पालटतो. ऐकणाऱ्याला वाटते, दुःख सरले, मृत्यू हरला, आता मन निवांत झाले. हा अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, पण तो फार अपुरा आहे. शुभवर्तमानांतील पुनरुत्थानाच्या कथा बारकाईने वाचल्या तर त्यांत निवांतपणा जवळजवळ कोठेच आढळत नाही. आढळतो तो एक जखमी देह, आणि त्याच्या समोर उभी असलेली काही लाजलेली माणसे.

ह्या प्रश्नाचा विचार करताना जबलपूर नजरेसमोर ठेवणे उपयोगाचे ठरते. मराठी माणसाला ते परके गाव नव्हे. १७८१ मध्ये ते पेशव्यांच्या सागरच्या अंमलाखाली आले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती पडले. मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. विनोबांनी ह्या नगरीला 'संस्कारधानी' म्हटले, हे तेथे अजूनही अभिमानाने सांगितले जाते. इंग्रजांनी तेथे छावणी वसवली, १९०४ मध्ये तोफगाडे तयार करण्याचा कारखाना काढला, आणि पुढे दारूगोळ्याच्या व लष्करी वाहनांच्या कारखान्यांची त्यात भर पडली. त्याच गावात १९२३ पासून लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज ही मेथडिस्टांनी उभारलेली संस्था धर्मोपदेशक घडवीत आली आहे. शस्त्रे ओतणारे आणि शांतीचा उपदेश शिकणारे असे दोघेही एकाच नर्मदेचे पाणी पितात. ह्यात उपरोध शोधण्याचे कारण नाही. बहुतेक मोठ्या गावांची हीच कथा आहे. जबलपुराचे विशेष एवढेच, की शांतीचे निरनिराळे अर्थ तेथे एकमेकांच्या शेजारी उभे असलेले स्पष्ट दिसतात.

पहिला अर्थ शासनाचा. फेब्रुवारी १९६१ मध्ये एका विद्यार्थिनीच्या आत्महत्येनंतर अफवा उठल्या, वृत्तपत्रांतील भडक मजकुराने त्यांना खतपाणी घातले आणि जबलपुरात हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. फाळणीनंतरच्या काळातील हा पहिला मोठा दंगा. तो पंडित नेहरूंच्या मनाला इतका लागला, की त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मता परिषदेची कल्पना पुढे आली. त्या वर्षी राखेचा बुधवार १५ फेब्रुवारीला आणि ईस्टर २ एप्रिलला होता. म्हणजे ख्रिस्ती मंडळ्यांचा उपवासकाळ सुरू झाला तो दंग्याच्या आठवणी ताज्या असताना, आणि पुनरुत्थानाचा सण आला तोवर गावात 'शांतता' झाली होती. ही शांतता खोटी म्हणून हिणवण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्याच्या दुकानाला आग लागली आहे त्याला प्रथम पाण्याचा बंब आणि शिपाई लागतो, तत्त्वज्ञान लागत नाही. पण ह्या शांततेची एक अट असते: जे झाले ते उकरून काढायचे नाही. बोलले की पुन्हा भडकेल, म्हणून न बोलणे हाच शहाणपणा ठरतो. मेलेल्यांची मोजदाद होते, भरपाईचे अर्ज होतात, आणि जखम कापडाखाली जाते.

दुसरा अर्थ ध्यानाचा. २१ मार्च १९५३ च्या रात्री जबलपुरातील भंवरताल बागेत, मौलश्रीच्या म्हणजे आपल्या बकुळीच्या झाडाखाली आपल्याला बोध झाला, असे रजनीशांनी पुढे सांगितले. १९६६ पर्यंत ते त्याच गावात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करीत होते. भावातीत ध्यान जगभर नेणाऱ्या महेश योगींचे पूर्वायुष्यही जबलपुराशी निगडित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेला मनःशांतीचे जे दोन सर्वांत गाजलेले मार्ग भारतातून मिळाले, त्या दोन्हींचा धागा ह्या एका मध्यम आकाराच्या गावातून जातो, हे लक्षणीय आहे. दोघांच्या संप्रदायांबद्दल पुष्कळ काही प्रतिकूल लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे रास्त आहे. तरीही त्यांनी दिलेल्या आश्वासनाचा गाभा आपल्या परंपरेला ओळखीचा होता. डोळे मिटावेत, आत वळावे, तेथे एक अक्षुब्ध तळ आहे. त्या तळाशी पोचलेल्याला बाहेरच्या जखमा बाधत नाहीत.

ईस्टरची शांती ह्या दोहोंहून निराळी आहे. ती जखम झाकत नाही आणि जखमेच्या पलीकडेही नेत नाही.

चारही शुभवर्तमानांत मार्ककृत शुभवर्तमान सर्वांत जुने मानले जाते. चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन ह्या दोन प्राचीन हस्तलिखितांत ते जेथे संपते, तेथे पुनरुत्थित येशू कोणाला दिसलेलाच नाही. सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे गेलेल्या स्त्रिया रिकामी कबर पाहून थरथरत पळून जातात आणि भीतीपोटी कोणालाच काही सांगत नाहीत. ईस्टरच्या सर्वांत प्राचीन लिखित कथेचा शेवट असा भीतीत होतो. पुढील काळात कोणाला तरी हा शेवट सोसवला नाही आणि आणखी काही ओव्या जोडाव्यात तशी बारा वचने त्याला जोडली गेली. जोडणाऱ्याची अडचण समजण्यासारखी आहे. पण मूळ शेवटात जो प्रामाणिकपणा आहे, तो ह्या पुरवणीत उतरलेला नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात शांतीचा शब्द येतो, आणि तो कोठे येतो हे पाहण्यासारखे आहे. शिष्य दारे लावून आत बसले आहेत. बाहेरच्यांची भीती आहेच. परंतु आत बसलेल्यांपैकी प्रत्येकाला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. पकडले जाण्याच्या रात्री ते गुरूला सोडून पळाले होते, आणि पेत्राने तर त्याची ओळखही नाकारली होती. अशा खोलीत तो येतो, शांतीचे अभिवादन करतो, आणि लगेच आपले हात व कूस दाखवतो. ज्या ग्रीक शब्दाने हे अभिवादन लिहिले आहे त्याच्यामागे हिब्रू 'शालोम' उभा आहे. त्याच्या धातूत अखंड असणे आणि देणे फेडणे असे दोन्ही अर्थ आहेत. गप्प बसणे हा अर्थ त्यात नाही. म्हणून अभिवादन आणि व्रण ह्या दोन गोष्टी एकापाठोपाठ येतात. जो मरणातून उठू शकला त्याला हाताची भोके बुजवणे अवघड नव्हते, असे कोणीही म्हणेल. कथेने ती बुजवलेली नाहीत. व्रण पुसले असते तर आत बसलेल्यांना फार सोपे गेले असते. काही घडलेच नव्हते असे मानून जेवायला बसता आले असते.

ह्याहून तीक्ष्ण प्रसंग पुढच्या अध्यायात आहे. तळ्याच्या काठी येशू कोळशांचा विस्तव पेटवून त्यावर मासे भाजतो आहे. कोळशांच्या विस्तवासाठी योहानाने जो ग्रीक शब्द वापरला आहे तो संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. एक हे, आणि दुसरे मुख्य याजकाचे अंगण, जेथे थंडीच्या रात्री शेकत उभ्या असलेल्या पेत्राने नकार दिला होता. आता तसाच विस्तव, तोच पेत्र, आणि नकार तीन होते म्हणून प्रश्नही तीन. आपल्यावर प्रेम आहे का, असे तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला, असे योहान स्पष्ट नोंदवतो. क्षमा तर झालेली आहे, न्याहारीही वाढलेली आहे, मग हे दुखावणे कशासाठी? आपल्याकडे मोठ्या मनाचा माणूस 'जाऊ द्या, झाले गेले' म्हणतो आणि त्याची वाहवा होते. येथे तसे म्हटलेले नाही. जखमेला बोट लावूनच तिची फेड होते, अशी ह्या कथेची धारणा दिसते.

मराठी मनाला ख्रिस्त अपरिचित नाही. परंतु जो परिचित आहे तो बहुधा शुक्रवारचा ख्रिस्त. आधुनिक मराठी कवितेत क्रूस ही प्रतिमा विपुल सापडते. रिकामी कबर शोधावी लागते. दुःख सोसणारा सज्जन आपल्याला तत्काळ कळतो. मृत्यूनंतरच्या प्रश्नाची मात्र आपल्याजवळ स्वतःची उत्तरे आहेत, म्हणून रविवारची गरज भासत नाही. आत्मा मरतच नसेल तर उठायचे कोणी? ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, ती संजीवन. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, अशी श्रद्धा आहे. तो देह अक्षत जातो आणि परत येत नाही. गांधीजींनाही डोंगरावरील प्रवचन पुरेसे वाटे. येशू नावाचा माणूस झालाच नसता तरी त्या प्रवचनाचे सत्य उणावले नसते, अशी त्यांची भूमिका होती. ३० जानेवारी १९४८ हा शुक्रवार होता, ह्या योगायोगाकडे त्या वेळी अनेकांचे लक्ष गेले. त्यांच्या अस्थींचा काही भाग जबलपुराच्या तिलवाराघाटावर नर्मदेत विसर्जित झाला. नदीने अस्थी पोटात घेतल्या, आणि त्या शुक्रवारला रविवार कोणता हा प्रश्न तसाच राहिला.

आपल्या परंपरेत व्रणांच्या जवळ जाणारी एक कथा आहे, ती चोखोबांची. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि खाली राबणारे मजूर गाडले गेले. त्या ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी नामदेवांनी ओळखल्या, कारण त्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येत होता, अशी आख्यायिका आहे. अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वाराशी त्यांची समाधी झाली. महाद्वाराशी, म्हणजे दाराबाहेर. अस्थींना वाणी मिळाली, पण प्रवेश मिळाला नाही. चोखोबांच्या जातीच्या माणसांना ते दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे प्राणांतिक उपोषण लागले. मधल्या सहा शतकांत वारकरी त्या समाधीला हात जोडून आत जात होते, आणि आपण शांत चित्ताने जात आहोत असेच त्यांना वाटत असणार. जखम डोळ्यांसमोर असूनही ती दिसत नाही, हे घडू शकते.

ख्रिस्ती धर्मानेही हे पुष्कळदा घडवले आहे. थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले; त्याच्या दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र पुनरुत्थानापर्यंत आले आहे. ग्रंथाची भाषा रसाळ आहे आणि मराठीवरील त्याचे प्रेम निःसंशय खरे आहे. पण हाच स्टीफन्स १५८३ मध्ये साष्टीत होता. त्या वर्षी कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले, त्यांचे देह मिळवण्याच्या कामी स्टीफन्स होता, आणि नंतर पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलावून घेऊन मारले. मंदिरे त्याआधीच पाडली गेली होती. एका बाजूच्या मृतांना चर्चने धन्य म्हणून गौरवले. दुसऱ्या बाजूच्या मृतांचे स्मारक व्हायला चारशे वर्षे जावी लागली. ज्या सत्तेच्या हातात तोफा आहेत तिने पुनरुत्थानाचा जयघोष केला की त्यातून व्रण गळून पडतात आणि नुसता विजय उरतो. विजय आणि शांती ह्यांची गल्लत चर्चच्या इतिहासात एकदाच झालेली नाही.

सत्ता नसलेल्या ठिकाणी, एका घरात, ही शांती कशी दिसते ते मराठी वाचकाला वस्तुतः फार पूर्वीपासून माहीत आहे. फक्त त्याने तिला ह्या नावाने ओळखलेले नाही. नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत, म्हणजे जबलपूर ज्यात मोडत होते त्याच मध्य प्रांतातून जाणाऱ्या वाटेवर. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ह्या निर्णयाची किंमत ज्यांनी मोजली त्या लक्ष्मीबाई. नवरा जिवंत असून त्या पोरक्या झाल्या. लहान मुलगा, नातेवाइकांचा आधार, लोकांची दूषणे, आणि मनाचा तोल सुटेल की काय अशी अवस्था. ह्या अन्यायाचे टिळकांच्या बाजूने समर्थन करण्याचा प्रयत्न करू नये. सत्याच्या शोधात निघालेला माणूस घरातल्या माणसाला कसा विसरतो, ह्याचे ते उदाहरण आहे. काही वर्षांनी लक्ष्मीबाई परतल्या, त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्याबरोबर राहायला. पुढे शिवाशिवीच्या कल्पना त्यांच्या मनातून आपोआप गळाल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी येशूच्या चरित्रावरील 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभले आणि सुमारे दहा अध्याय लिहून ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या ग्रंथाने आपला संसार मोडला त्या ग्रंथाची कथा, ज्याने मोडला त्याच्या पश्चात, तिनेच पुढे न्यावी, ह्यातील अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या, आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही वाङ्मयीन दृष्टीने पाहता पुनरुत्थानाच्या संदेशाला अधिक जवळचे पुस्तक 'ख्रिस्तायन' नसून १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे' आहेत, असे म्हणावे लागते. महाकाव्यात कथा आधीच ठरलेली आहे. आत्मचरित्रात लक्ष्मीबाई आपले घाव एकामागून एक दाखवतात, टिळकांचा तापट स्वभाव सांगतात, त्यांचा विक्षिप्तपणा सांगतात, आणि हसतात. ते हसू क्षमेचे आहे असे त्या कोठेही म्हणत नाहीत. काही लपवलेले नाही आणि कोणावर सूडही उगवलेला नाही. मराठीत असे दुसरे पुस्तक दाखवणे कठीण आहे. क्षमा ह्या विषयावर आपल्याकडे प्रवचने भरपूर झाली. लक्ष्मीबाईंनी प्रवचन केले नाही, म्हणून त्यांचे ऐकावेसे वाटते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. ज्याला जखम झाली त्यानेच शांती द्यायची, हा न्याय कोठला? हा उपदेश बहुधा दुबळ्यांनाच केला जातो. सासुरवास सोसणारीला, गावकुसाबाहेरच्याला, दंग्यात घर गमावलेल्याला क्षमेचे महत्त्व सांगायला पुष्कळजण तयार असतात. आक्षेप बिनतोड आहे, आणि योहानाची कथा त्याला विरोध करीत नाही. तिच्यात कोणीही येशूला क्षमा करण्याचा आग्रह केलेला नाही. दारे लावून बसलेल्यांना तसे म्हणण्याचा अधिकारच नव्हता. शांती मागता येत नाही. जखमी माणूस आपण होऊन आला तर ती मिळते. आला नाही तर दाराआड बसून राहणे एवढेच हाती असते. शांतता समितीच्या सभेत ज्यांच्या घरी काहीच घडले नाही असे प्रतिष्ठित लोक एकोप्यावर बोलतात, तेव्हा बोलणे सज्जनपणाचे असूनही ऐकणाऱ्याच्या मनात ते उतरत नाही, त्याचे कारण हेच असावे.

जखमी माणूस आपण होऊन आल्याचे एक उदाहरण मध्य प्रदेशातच आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी राणी मारिया ही केरळची कॅथलिक धर्मभगिनी उदयनगरहून इंदूरकडे बसने निघाली होती. सावकारांच्या कचाट्यातून गरीब शेतकऱ्यांना व आदिवासींना सोडवण्याचे काम ती करीत होती, आणि ते काहींना सलत होते. वाटेत तिच्यावर चाकूचे अनेक वार करून तिला ठार मारण्यात आले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारियाची धाकटी बहीण, तीही धर्मभगिनीच, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. मधे सात वर्षे गेली होती, हे विसरू नये. ह्या सात वर्षांत त्या कुटुंबात काय झाले असेल त्याची वर्णने सोपी करून सांगितली जातात. कायद्याने आपले काम केलेले होते. शिक्षा खोटी ठरवली गेली नाही, खून झाला नाही असे कोणी म्हटले नाही. २००६ मध्ये तो सुटला, त्यामागे ह्या कुटुंबाची संमती होती. त्याने तिच्या आईची भेट घेतली, तेव्हा आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. हातच का, हे त्या वृद्ध स्त्रीला ठाऊक होते. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियाला 'धन्य' घोषित करण्यात आले. त्या समारंभापेक्षा तुरुंगातली राखी अधिक बोलकी आहे. रक्षाबंधनाचा विधी ख्रिस्ती नाही, पुनरुत्थानाची कल्पना हिंदू नाही. पण त्या मनगटावर दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि कोणालाही त्याचे भाष्य करावे लागले नाही.

एक माणूस असे करू शकतो; गाव करू शकेल का? जबलपूर असो की मुंबई, दंग्यांनंतरची वर्षे पाहता ह्याचे उत्तर सोपे नाही. मध्य भारतातील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत ईस्टरच्या पहाटे, उजाडण्याआधी, स्मशानभूमीत जाण्याची चाल आहे. कबरींवर मेणबत्त्या लावतात, फुले ठेवतात, गाणी म्हणतात. सण कबरींमध्येच सुरू होतो, हे त्या चालीतील मर्म. मग उजाडते, लोक घरी जातात, दुपारी जेवणे होतात, सोमवारी कारखान्याचा भोंगा होतो.

योहानाने ह्या बाबतीत एक तपशील नोंदवून ठेवला आहे, त्याकडे उपदेशकांचे सहसा लक्ष जात नाही. पहिल्या संध्याकाळी शिष्यांनी व्रण पाहिले, शांतीचे अभिवादन ऐकले, त्यांना आनंदही झाला. आठ दिवसांनी ते पुन्हा त्या घरात होते. ह्या वेळी थोमाही होता. दारे पुन्हा लावलेलीच होती. तो पुन्हा आला, तेच अभिवादन केले आणि थोमाला बोट पुढे करायला सांगितले.